ड्रेपरीवाल्याचा भारत

भारतात संस्कृती किती, हा प्रश्न इतरत्र विद्वानांना विचारत असतील. आमच्याकडे तो ड्रेपरीवाल्याला विचारतात, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं : नऊ. कारण त्याच्याकडे पिशव्याच नऊ आहेत. 'पंजाबी', 'गुजराती' (ओढणी बदलली की हीच 'राजस्थानी'), 'काश्मिरी', 'कोळी', 'नऊवारी', 'शिवाजी', 'आदिवासी', 'साऊथ' आणि 'इतर'. 'साऊथ'मध्ये एक पांढरी लुंगी आणि एक काळा चष्मा असतो. पाच राज्यं त्या लुंगीत आरामात मावतात. 'इतर'मध्ये परीचे पंख, गांधीजींचा चष्मा, नागाचा फणा आणि डॉक्टरचा कोट. दिवाळीच्या सुट्ट्या संपून गॅदरिंगच्या तारखा लागल्या की शाळा या माणसाच्या दारात रांग लावतात. "बाई, पंजाबी संपलं, काश्मिरी देऊ का?" एवढ्या एका वाक्यावर सातवी 'ब'चा भांगडा रातोरात श्रीनगरला जातो. गाणं तेच राहतं, कारण ते पोरांचं पाठ झालेलं असतं.

माझं माहेर नांदेड आणि सासर लातूर, त्यामुळे दोन्हीकडची गॅदरिंगं माझ्या नशिबी आहेत. इकडं माझी पोरं नाचतात, तिकडं भावाची. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले, तिथं बरोबरी झाली. विभागीय आयुक्तालय कुणाकडं असावं, हा विषय मात्र आमच्या घरात जेवताना काढत नाहीत. माहेरी "काय करूलालीस?" म्हणतात, सासरी "काय करालीस?" फरक तेवढाच, पण त्या तेवढ्यावरून सासूबाईंनी मला पहिलं वर्षभर परराज्यातली म्हणून वागवलं. सांस्कृतिक विविधता म्हणजे काय, हे मला त्याच वर्षी नीट समजलं. गॅदरिंगं बघून त्यात फारशी भर पडलेली नाही.

एक प्रसंग मात्र बघितला, तो नांदेडचा. भाच्याच्या शाळेत 'विविधतेत एकता' बसवलं होतं. बसवणाऱ्या बाईंनी उंचीप्रमाणे राज्यं वाटली. वर्गात सर्वांत उंच पोरगा शीख, म्हणून तो मावळा झाला. मधल्या उंचीचा एक पाटलाचा पोरगा होता, तो पंजाब. ड्रेपरीची पगडी शिवलेली होती, टोपीसारखी वरून ठेवायची. पाटलानं उडी मारली की पगडी मागं राहायची आणि पाटील एकटाच पुढं जायचा. मावळा बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. घर गुरुद्वाऱ्याच्या मागंच, पळत गेला, खरं कापड घेऊन आला आणि मेकअपच्या खोलीत त्यानं पाटलाला खुर्चीवर बसवलं.

पगडी बांधायची म्हणजे आधी ते लांबलचक कापड दोघांनी दोन टोकांना धरून, ताणून, घडी घालावी लागते. एक टोक मावळ्यानं धरलं. दुसरं धरायला जवळ होती ती काश्मिरी, म्हणजे इतवाऱ्यातली एक पोरगी. ती वैतागून म्हणाली, "कित्ता खींचू रे, हात दुख्रे!" त्यावर कमरेला तलवार, कपाळाला गंध, अशा त्या सरदारजी मावळ्यानं सुनावलं, "गप धर की बे, ढिल्लं पडूलालंय!" आणि खुर्चीतला पंजाब ओरडला, "लई आवळू नको, कान दुमडलाय!" पडद्यामागं हे चाललेलं असताना पडद्यासमोर निवेदक विद्यार्थी आपल्या देशातील विविधतेचं दर्शन आता आपणांस घडणार आहे, असं सांगत होता. मला दर्शन घडून गेलं होतं. पुढं स्टेजवर जे झालं ते नुसतं नाचकाम.

आता हा मावळा झालेला पोरगा पंजाब कधी बघून आलेला नव्हता. नांदेडच्या दखनी शिखांचं असंच असतं. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथं गोदावरीच्या काठी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. पुढं महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा बांधून घेतला. तेव्हापासून जी घरं इथं राहिली, त्यांचं मराठी आमच्याहून जास्त नांदेडी आहे. बाजारात भाव पाडायचा असेल तर माझी आई अजूनही शेजारच्या सरदारीणबाईंना सोबत नेते. पंजाब ही त्यांना सहलीला जायची जागा आहे. शाळेला मात्र पंजाब हवा असतो तो पिशवीतला. वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला तिला दिसत नाही, कारण तो रोज गणवेशात येतो.

त्या वर्षी 'विविधतेत एकता'ला दुसरा नंबर मिळाला. पहिला कोळीगीताला.

कोळीगीताबद्दल आमच्या दोन्ही जिल्ह्यांत काही बोलायची सोय नाही. लातूरकराला समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं, तरी दरवर्षी होडी येते, वल्ही येतात, टोपलीत प्लास्टिकचं पापलेट येतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं. नळ आठवडेच्या आठवडे कोरडे होते. त्या रेल्वेच्या आधीच्या गॅदरिंगला पोरांनी स्टेजवर वल्ही मारली होती आणि नंतरच्या गॅदरिंगलाही मारली. माझ्या शेजारच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "होडी बेस चालायली बाई. पाणी कुण्या गावचं हाय?" आमच्या मांजरेच्या काठी भोई आहेत, ते मरळ धरतात, त्यांचं जाळं फेकणं बघत राहावं असं असतं. पण मरळीवर कॅसेट निघालेली नाही. त्यामुळे ती संस्कृतीत धरत नाहीत.

'आदिवासी' पिशवीची गोष्ट याहून पुढची. तिच्यात हिरव्या प्लास्टिकच्या पानांचा घागरा, कवट्यांची माळ आणि तोंडाला फासायला काळा रंग असतो. माझी एक मैत्रीण किनवटकडं शिक्षिका होती. तिकडं गोंड, कोलाम, आंध यांची वस्ती. दिवाळीत दंडारी निघते, घुसाडी मोरपिसांचा भलामोठा मुकुट घालून नाचतात. तो मुकुट घरचा, जपून ठेवलेला, हात लावायचा तर आधी हात धुवावे लागतात. तर गॅदरिंगसाठी नांदेडहून ती पिशवी मागवली, उघडली, आणि एका गोंड पोरानं तो पानांचा घागरा दोन बोटांनी उचलून मनापासून विचारलं, "मॅडम, हे कोणत्या देशातले लोक हायेत?" मॅडमनी नकाशा काढला, पण उत्तर सापडलं नाही. पोरगा समजूतदार निघाला. "चालते मॅडम, तेवढं आफ्रिका म्हणू," म्हणाला.

शाळेला विविधता नको असते असं कुणी म्हणू नये. शाळेला ती हवीच असते, फक्त लांबून आलेली हवी असते. जितकी लांबून येईल तितकी खरी. 'एक भारत श्रेष्ठ भारत' या योजनेत राज्यांच्या जोड्या लावल्या, शाळाशाळांत तिचे क्लब निघाले. महाराष्ट्राची जोडी लागली ओडिशाशी. योजना चांगली आहे, ओडिशाही चांगलं आहे. पण दोन्ही राज्यांची हद्द कुठंही एकमेकीला लागत नाही, मधे छत्तीसगड आडवं पडलंय. नांदेड जिल्ह्याला तेलंगण चिकटलेलं आहे, कर्नाटक चिकटलेलं आहे. लातूरला बीदर इतकं जवळ की उदगीरचा माणूस तिथं लग्नाची खरेदी करून दुपारच्या जेवणाला घरी येतो. पण क्लबात आम्ही ओडिया अभिवादन पाठ केलं. पुठ्ठ्याचं कोणार्कचं चाक केलं. थर्माकोलचं करणार होतो, तेवढ्यात राज्यात थर्माकोलवर बंदी आली. चाक अजून शाळेत आहे. आरे मोडलेत, पण विज्ञान प्रदर्शनात ते पवनचक्की म्हणून चाललं.

२०१८च्या हिवाळ्यात 'भाषा संगम' आलं. परिपाठाला रोज एक भाषा, तिची पाच सोपी वाक्यं, अशा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषा. तेलुगूचा दिवस उजाडला. धर्माबादकडच्या एका शाळेत गुरुजींनी देवनागरीत छापलेलं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं, "मी पेरु एमिटी?" म्हणजे तुमचं नाव काय. अर्धा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. गुरुजींना वाटलं, पेरूला हसतायत. मग एक पोरगी उठून म्हणाली, "गुरुजी, हे सिनेमातल्यांचं तेलुगू हाय. आमच्या घरी 'नी पेरेंदी' म्हणतेत." गुरुजी बारा वर्षं त्या गावात होते. अर्धा वर्ग घरी तेलुगू बोलतो, हे शासनाचं पत्रक आल्यावर त्यांना कळलं. हा पत्रकाचा फायदाच म्हणायचा.

तांड्यावरच्या पोरांनी बावीसही दिवस वाट बघितली. त्यांची गोरमाटी काही आली नाही, गोंडी आली नाही, कोलामी आली नाही. अनुसूचीत नाहीत, त्याला गुरुजी तरी काय करणार? तेविसाव्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी आपापलंच उरकून घेतलं. त्या वाक्यांची भाषा सोपी होती, पण परिपाठात म्हणण्यासारखी नव्हती.

लातुरात या सगळ्याची वेगळीच अडचण आहे. तिथं कुठलाही उपक्रम सांगितला की पालक पहिला प्रश्न विचारतो, "याला मार्क किती?" लातूर पॅटर्न असाच झाला नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण, ब ला पाच, क ला तीन. म्हणून लातुरात बालचित्रकार उदंड आहेत, आणि दहावीचा निकाल लागला की ते सगळे एकाच दिवशी चित्रकलेतून निवृत्त होतात. मी एकदा पालक सभेत सुचवलं, नांदेडहून कुणी शिकवायला आलं तर पोरांना गतका, म्हणजे शिखांची युद्धकला, शिकवू. सभेत शांतता. मग सांगितलं की २०२२ साली पंचकुल्यात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांबाबरोबर गतकाही होता, त्याचं सर्टिफिकेट मिळतं. लगेच पाच जणांनी नावं दिली. त्यांतल्या एकानं हळूच विचारलं, "घरी बसून करता येतो का?"

संस्थाचालकांना गतका पसंत पडला नाही. ते म्हणाले, आपल्या मातीतलं, शुद्ध काहीतरी बसवा. त्यांच्या पाठीमागं भिंतीवर देवणी वळूचं मोठं छायाचित्र लावलेलं होतं, जिल्ह्याची शान म्हणून. देवणी हे वाण गीर, डांगी आणि आमची गावरान गाय यांच्या संकरातून निजामाच्या राज्यात तयार झालं. हे मी बोलले नाही, वळूकडं नुसती बघत राहिले. मातीतल्या शुद्ध गोष्टीवर तासभर चर्चा झाली आणि सर्वानुमते गरबा बसला.

एवढं असून लातूरचा सर्वांत मोठा सांस्कृतिक उपक्रम कुठल्याच क्लबाच्या वहीत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात आणि शहर ओस पडतं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या दिवशी सोळाही रस्त्यांवरून माणसं फक्त बाहेर जातात. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो मित्राच्या शेतात. कडब्याची खोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, मडक्यात आंबील, हिरव्या वाटाण्या-वालाची भज्जी, बाजरीचे उंडे. सण मुळात कर्नाटकाकडचा. खोपीला फेरे घालताना बाप्ये जे ओरडतात, त्यातलं निम्मं मोडकं कानडी आहे. अर्थ कुणालाच माहीत नसतो, आवाज मात्र सगळ्यांचा लागतो. ट्यूशन एरियात एकेका खोलीत परभणी, हिंगोली, बीड आणि बीदरची पोरं नीटचा अभ्यास करत कोंडलेली असतात. वर्षभर त्यांचा सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे मेसच्या भाजीवरून होणारं भांडण. त्यांनाही त्या दिवशी कुणीतरी शेतात नेतं. बीदरचा एक पोरगा आमच्या शेतात आला होता. आमचे अण्णा घसा ताणून ओरडले, तर तो आंबिलीचा पेला खाली ठेवून म्हणाला, "अंकल, आमच्याकडं हे असं नाही म्हणत," आणि बरोबर म्हणून दाखवलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्याकडं बिघडलं आसंल."

वक्तृत्व स्पर्धांचं सांगायचं राहिलं. आमच्या भागातल्या पोरांना झेंडावंदनं वर्षाला चार. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं सतरा सप्टेंबर. त्यामुळे भाषणांना तोटा नाही. त्यातून नांदेड म्हणजे नरहर कुरुंदकर जिथं प्रतिभा निकेतनात शाळामास्तर होते ते गाव, तिथं माईक हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराकडं म्हातारे संशयानं बघतात. अशा एका स्पर्धेला पहिला नंबर मिळाला उर्दू माध्यमाच्या पोरीला. विषय मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम, भाषण मराठीत. परीक्षक म्हणाले, इतकं शुद्ध मराठी आज दिवसभरात ऐकलं नव्हतं. बरोबरच आहे. तिनं मराठी पुस्तकातून शिकलेलं होतं. आमची पोरं घरून शिकलेली, ती मधेच "रझाकार पळूलालते" म्हणून मोकळी झाली. उलट त्याच आमच्या पोरांना क्रिकेटच्या मैदानावर ऐका. 'नक्को', 'हौ', 'कायकू' असं अस्सल दखनी चालू असतं, आणि त्या पोरीचा भाऊ अंपायरला मराठीत शिव्या देत असतो. माझे आजोबा निजामाच्या राज्यात हायस्कूल उर्दूतून शिकले, गोदावरीची लांबी त्यांना शेवटपर्यंत उर्दूतच पाठ होती. मी त्यांना हा निकाल सांगितला असता तर त्यांनी फक्त विचारलं असतं, "दुसरा नंबर का आला नाही आपल्याला?"

या सगळ्या उपक्रमांत मला मनापासून आवडतो तो बाल आनंद मेळावा. त्याला ड्रेपरी लागत नाही. पोरांनी घरून पदार्थ आणायचे, टेबल मांडायचं, विकायचं, संध्याकाळी हिशेब द्यायचा. हेतू व्यवहारज्ञान. भाच्याच्या शाळेतल्या मेळाव्याला मी पिशवी घेऊनच गेले होते. पहिल्या टेबलावर सुशीला आणि धपाटे. त्याच्या शेजारी तेलुगू घरातल्या पोरीचे सकिनालू, तांदळाच्या पिठाची ती वेटोळी. ती प्रत्येकाला सांगत होती की ही चकली नाही, आणि प्रत्येक जण चकली म्हणूनच मागत होता. पुढं इतवाऱ्यातली आपली काश्मिरी. तिच्याकडं खिचडी-खट्टा, आणि खट्ट्याची वाटी परत केल्याशिवाय ती सुटे पैसे देत नव्हती. तिच्या पलीकडं बदलून आलेल्या एका लातूरकराचा पोरगा निलंगा राईस विकत होता. "निलंग्याहून आणला का रे?" विचारलं तर म्हणाला, "न्हाई काकू, तांदूळ नांदेडचाच हाय, अक्कल निलंग्याची." अगदी टोकाला धर्माबादच्या मिरची व्यापाऱ्याच्या पोरीची मिरची भजी. तिच्यासमोर एकच बाटली पाणी होतं, आणि ते ती दोन रुपये घोट असं विकत होती. व्यवहारज्ञान तिला घरूनच मिळालेलं दिसत होतं.

घोळ झाला तो मावळ्याच्या टेबलावर. त्याच्या आजीनं पातेलंभर छोले दिले होते. पातेलं अर्ध्या तासात रिकामं झालं, एवढी गर्दी. गणिताच्या बाई कौतुकानं हिशेबाची वही घेऊन गेल्या. वही कोरी. "पैसे किती जमले?" पोरगा गोंधळला. "मॅडम, जेवायला वाढल्यावर पैसे कसे मागायचे?" लंगरमध्ये वाढून वाढून पोराचा हात तसाच वळलेला. बाईंनी नफा म्हणजे काय, तोटा म्हणजे काय, फळ्यावर लिहून समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला की उद्या अजून आणतो. बाईंनी हिशेबात त्याच्यासमोर काय लिहावं यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडले. शेवटी 'माल नाशवंत' असं लिहिलं.

मेळाव्याची तपासणी करायला केंद्रप्रमुख आले होते. उपक्रमाच्या अहवालात 'सांस्कृतिक विविधता' असा रकाना होता. त्यांनी सगळीकडं नजर फिरवली, पोरं सगळी गणवेशात. "विविधता कुठंय?" त्यांनी विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, आधी खाऊन तर बघा." साहेबांनी पहिल्या टेबलापासून सुरुवात केली आणि मनापासून खात-खात टोकाच्या टेबलाशी पोचले. तोवर बाटलीतलं पाणी विकून संपलेलं होतं. थोड्या वेळानं ऑफिसात त्यांना शेरेबुक दिलं. डोळे पुसत, नाक ओढत त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं : 'उपक्रम स्तुत्य. विविधता भरपूर आहे. पुढील वर्षी पिण्याच्या पाण्याची सोय करावी.'